नाम विसरलेल्या भक्ताचे काय?

नवविधा भक्तीत पहिले श्रवण, दुसरे कीर्तन आणि तिसरे स्मरण. आपला वारकऱ्यांचा पंथ तर या तिहींवरच उभा आहे. कीर्तनाला जाऊन बसावे, ऐकावे, ऐकलेले मुखाने म्हणावे आणि कामधंदा करता करता तेच मनात घोळवीत राहावे, एवढाच काय तो आमचा सोपा परमार्थ. त्याला पांडित्य लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात ते दोन कान, एक जीभ आणि थोडीशी आठवण. परंतु वय झाले की पुष्कळांचे नेमके हेच जाते. आधी कान जातात, मग कोणाकोणाची आठवणही जाते. मग ज्याचे कान गेले त्याचे श्रवण बुडाले काय? ज्याची आठवण गेली त्याचे स्मरण सुटले काय? आणि ही दोन्ही गेल्यावर जन्मभर वारी केलेला तो माळकरी, भक्त म्हणून उरला की नाही उरला?

हा प्रश्न आम्ही हौसेने काढलेला नाही. नगर जिल्ह्यातल्या (२०२४ सालापासून अहिल्यानगर) एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक शेतकरी आमच्याजवळ येऊन बसला. त्याचे वडील पंचाऐंशीचे. लहानपणापासून गळ्यात माळ, पायी वारी कधी चुकली नाही. दोन वर्षांपासून त्यांना घरची माणसे ओळखू येईनात. जेवून हात धुतला की ‘मला कुणी जेवू घालीना’ म्हणतात. रात्री उठून बैल सोडायला निघतात, आणि बैल विकून तर पंधरा वर्षे झाली. ‘महाराज, बाकीचं आम्ही सोसू,’ तो म्हणाला, ‘पण अंतकाळी ज्याचं स्मरण तशी गती, असं तुम्हीच कीर्तनात सांगता. आमच्या बाबाला पांडुरंगाचं नावच आठवत नाही. त्यांची गती काय मग?’

उत्तर देण्यापूर्वी वाटेतला एक गैरसमज दूर केला पाहिजे. वैद्य-डॉक्टर या रोगाला मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात, आणि नेमका हाच शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आला आहे. विषयाचे चिंतन करणाऱ्याला आसक्ती जडते, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, अशी ती उतरंड आहे. शब्द एक असल्यामुळे कोणी कोणी असे बोलून जातात की, ‘बुवा जन्मभर तापट होते, आता त्याचे फळ भोगताहेत.’ हे साफ चूक आहे. गीतेतली ती स्मृती म्हणजे विवेकाची आठवण. रागाच्या भरात माणूस समोर बाप आहे की गुरू आहे हे विसरतो, ती गोष्ट निराळी. इथे मेंदूच्या पेशी झिजतात. त्याला शांत माणूस काय आणि तापट काय, सारखेच. आणि कोणी पूर्वकर्माचे नाव काढील तर आम्ही त्याला एवढेच विचारू की, तुमच्या मुलाचा पाय मोडला तेव्हा कर्मफळ म्हणून घरी बसलात, की प्लास्टर घालायला धावलात?

आता रोग काय आहे ते पाहू. जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका विसराळू झालेल्या स्त्रीच्या मेंदूची, तिच्या मृत्यूनंतर, तपासणी करून तो प्रथम विद्वानांपुढे मांडला. ती स्त्री म्हातारीही नव्हती; इस्पितळात आणली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. त्यांच्या नावाचा हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होणारे व आणखी दुसरेही प्रकार आहेत. आपल्या देशात किती जणांना? मुंबईत देवनारला जी लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे तिने २०१७ च्या सुमारास देशभर ४५ वर्षांवरील सत्तर हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. त्यांतल्या साठीपुढच्या चार हजारांवर माणसांची दिल्लीच्या एम्स संस्थेच्या पुढाकाराने आठवणीबद्दल बारकाईने तपासणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेला तिचा हिशेब असा की, साठीपुढच्या शंभरांत साधारण सात-साडेसात जणांना हा रोग आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. म्हणजे आमच्या दिंडीतल्या, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आजीबाई ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गात सगळ्यांत जास्त.

पण याच आकड्याची दुसरी बाजू लोक पाहत नाहीत. शंभरांतल्या ब्याण्णव जणांना तो नाही! ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने फार घात केला आहे. म्हातारा विसरू लागला की घरचे म्हणतात, वयच झालं, चालायचंच. आणि डॉक्टरकडे न्यायचे राहून जाते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हे वय. चष्मा हातात घेऊन हा कशासाठी असतो हे न कळणे, नेहमीच्या वाटेवर घर न सापडणे, हा रोग. एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

आता कानांकडे येतो, कारण या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि आपल्या लोकांना तीच ठाऊक नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. फ्रँक लिन म्हणून कानाचे डॉक्टर आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ६३९ माणसांची हकीकत प्रसिद्ध केली. या सगळ्यांचे कान आरंभी तपासून ठेवले होते आणि तेव्हा एकालाही स्मृतिभ्रंश नव्हता. पुढे बारा-एक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना थोडे कमी ऐकू येत होते त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा संभव चांगले ऐकू येणाऱ्यांच्या दुप्पट, मध्यम बहिऱ्यांना तिप्पट आणि जास्त बहिऱ्यांना पाचपट दिसला. पुढे लंडनच्या डॉ. गिल लिव्हिंगस्टन यांच्या अध्यक्षतेखाली जगातल्या जाणत्या मंडळींनी स्मृतिभ्रंशाच्या टाळण्याजोग्या कारणांचा हिशेब २०१७, २०२० आणि २०२४ असा तीनदा मांडला. शेवटच्या हिशेबात अशी १४ कारणे आहेत. ती सर्व दूर झाली तर निम्म्याच्या जवळपास, शेकडा ४५, रोग टळेल किंवा लांबणीवर पडेल, असे ते म्हणतात. त्यांत सर्वांत मोठी कारणे दोन, आणि त्यांतले एक कान. एकटेपणा आणि मनाची खिन्नता हीही त्या यादीत आहेत.

कानाचा आणि आठवणीचा संबंध काय? शहाणी माणसे तीन तऱ्हेने सांगतात. एक, अर्धवट ऐकू येणाऱ्याचे सारे बळ शब्द ओळखण्यातच खर्ची पडते. तो लक्षात ठेवायला उरत नाही. दोन, जिथे आवाज पोचत नाही तो मेंदूचा भाग वापरावाचून आक्रसतो. पड जमिनीसारखे त्याचे होते. तिसरे कारण सांगायला डॉक्टर नको. बहिऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा घरचे ‘जाऊ द्या, तुमच्या कामाचं नाही’ म्हणतात. असे वर्षभर झाले की तो पारावर जायचे सोडतो, मग भजनाला यायचे सोडतो, मग ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहतो. मन खचते. आणि लोक म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

कोणी असे समजू नये की कानात यंत्र घातले की विसर गेला. २०२३ साली डॉ. लिन यांनीच दुसरी तपासणी प्रसिद्ध केली. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ माणसांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे दिली, निम्म्यांना नुसता आरोग्याचा उपदेश केला आणि तीन वर्षे पाहिले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळात जास्त होता, अशांच्या गटात यंत्र लावणाऱ्यांची बुद्धी ढासळण्याचा वेग जवळजवळ निम्म्याने कमी पडला. हे शास्त्रज्ञ दोन्ही गोष्टी सांगतात, लपवीत नाहीत, म्हणून त्यांच्या बोलण्यावर भरवसा ठेवावा असे आम्हांस वाटते.

शिवाय सारेच विसरणे स्मृतिभ्रंशाचे नसते. प्रश्न ऐकूच आला नाही म्हणून भलते उत्तर देणारा म्हातारा वेडा नव्हे. जोडीदार गेल्यावर मनाने खचलेली बाई गोष्टी विसरते. तिला औषध आणि माणसांची सोबत मिळाली तर पुष्कळदा ती सावरते. थायरॉइडच्या बिघाडाने विसर पडतो. आणि आम्हां माळकऱ्यांनी तर एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. मांसाहार न करणाऱ्याला ते दुधा-दह्यातूनच मिळते. घरचे दूध डेअरीला घालून स्वतः कोऱ्या चहावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसात ते कमी पडले तर हातापायांना मुंग्या येतात, विसरही पडतो. रक्त तपासून गोळ्या-इंजेक्शने घेतली, आणि ती वेळेवर घेतली, तर हा विसर हटू शकतो. माळ काढायची जरूर नाही. तपासणी करायची जरूर आहे.

कानांचेही तसेच. कित्येकांचा बहिरेपणा नुसत्या मळाने आलेला असतो आणि डॉक्टर तो पाच मिनिटांत काढतो. तो घरी काडीने टोकरू नये, कानात तेल ओतू नये. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्यात मिलच्या घरघराटात तीस-तीस वर्षे काढलेले कामगार गावोगाव आहेत. त्यांचे कान तपासलेच पाहिजेत. गरीब वृद्धांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र देण्याची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केली आहे. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच्या आधीपासून आहे. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात कानाच्या डॉक्टरला दाखवून चौकशी करावी. यंत्र मिळाल्यावर ते डब्यात ठेवून देऊ नये. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा टोचतो, तेवढे सोसावे लागते. आणि जाता जाता स्पष्टच बोलतो. हल्ली सप्त्यांतून कर्ण्यांच्या भिंती उभ्या करून कीर्तने होतात. ज्या श्रवणासाठी लोक जमले त्याच श्रवणाची इंद्रिये फाटतील इतका आवाज कशासाठी? माउली हळू हाकेलाही ओ देते.

असो. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.

आम्ही त्याला उलट विचारले, टाळ वाजला तर बाबा काय करतात? तो म्हणाला, ‘टाळ वाजला की मांडीवर हात चालू होतो. हरिपाठ लागला की ओठ हलतात. पण विचारलं, काय म्हणता, तर सांगता येत नाही.’ जाणकार यालाही दुजोरा देतात. हा रोग बहुधा नव्या आठवणी आधी खातो. लहानपणी घोकून घोकून अंगात मुरलेले, तालासुरात बांधलेले, फार उशिरा जाते. नातवाचे नाव गेले तरी हरिपाठ मागे राहतो, तो असा.

पण समजा, तेही गेले. एक दिवस ओठही हलले नाहीत. मग? आठव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अंती माझे स्मरण करील तो मला येऊन मिळेल. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. माणूस सदा ज्या भावाने भरलेला असतो तोच अंती पुढे येतो, हे लगेच त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे अंतकाळची घटका हा आयुष्याचा पाक आहे, अखेरच्या क्षणी घेतलेली तोंडी परीक्षा नव्हे. पाठ म्हणताना पोर अडखळले म्हणून हाकलून देणारा मास्तर आणि पांडुरंग यांत काही अंतर असेल की नाही? रोज रात्री गाढ झोपेत आपल्याला नाम आठवत नाही, रूप आठवत नाही, आपण कोण तेही आठवत नाही. म्हणून सकाळी उठलेला माणूस भक्त नव्हे असे कोणी म्हणत नाही. त्या झोपेत जो साक्षी जागा असतो तो या विसरातही जागाच आहे.

याहून मोठा आधार पंधराव्या अध्यायात आहे. स्मृती माझ्यापासून, ज्ञान माझ्यापासून, आणि त्यांचे जाणेही माझ्यापासूनच, असे भगवंत तिथे म्हणतात. या अध्यायाचा भावार्थ माउलींनी शके १२१२ मध्ये याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला सांगितला. ज्या खांबाला टेकून सांगितला तो पैस खांब आजही तिथे आहे आणि आपण त्याला डोके टेकवून येतो. ज्याने आठवण दिली त्यानेच ती काढून घेतली असेल, तर काढून घेतल्याबद्दल तोच शिक्षा कशी करील? दक्षिणेकडच्या श्रीवैष्णवांत वराह अवताराच्या तोंडचे म्हणून एक वचन मोठ्या आदराने सांगतात. त्याचा आशय असा की, धडधाकट असताना ज्याने माझे स्मरण केले, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा निपचित पडला, तर मी त्याचे स्मरण करतो आणि त्याला नेतो. आम्ही त्या शेतकऱ्याला हेच सांगितले: बाबांनी जन्मभर आठवले, आता आठवण्याची पाळी देवाची आहे.

येथे एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. देव आठवतो आहे, तेव्हा आपण विसरायला मोकळे, असे मनाला सोयीचे वाटते. तीर्थक्षेत्री म्हाताऱ्या माणसाला गर्दीत सोडून घरचे निघून गेल्याच्या गोष्टी कानावर येतात. २००७ च्या कायद्याने असे टाकून देणे हा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण कायद्याच्या आधी आपल्याला पुंडलिक आहे. विटेवरचा देव विटेवर का उभा आहे? आईबापांचे पाय चेपणे सुटू नये म्हणून एका मुलाने देवालाच थांबायला सांगितले, म्हणून. आपला सारा पंथ त्या थांबण्यातून निघाला. मग ज्याच्या घरी असा म्हातारा बाप आहे त्याने आषाढीला काय करावे? नियम मोडू नये म्हणून त्याला कोणाच्या तरी हवाली करून निघावे, की थांबावे? दुसरा कोणी सांभाळणारा नसेल तर थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची वारी चुकली असे जो म्हणेल त्याने आधी देवाला विचारावे की, तू का थांबला होतास?

परंतु हे उत्तर देऊन आम्ही सुटलो असे नाही. कारण घरोघरी पाहिले तर थांबते कोण? पुंडलिकाचे नाव घेतो मुलगा, आणि थांबते सून. ती अंथरूण धुते, ती रात्री दाराला कडी घालून जागते, ज्यांनी ओळखले नाही त्यांच्या शिव्या ती खाते. आणि पुंडलिकपणाचे श्रेय मात्र पताका घेऊन गेलेल्याला. अशा बाया वर्षानुवर्षे रात्रीची नीट झोप नसल्याने स्वतःच मनाने आजारी पडतात, ही गोष्ट डॉक्टरही सांगतात आणि शेजारणीही. हा न्याय नव्हे. एक वर्ष त्याने थांबावे, एक वर्ष तिने.

या जिल्ह्याला परक्याची सेवा नवी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, ते खेड्यातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन. त्या बायांनी गावांचे रूप पालटले आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे पतिपत्नी, मनाचा तोल गेलेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या स्त्रियांना उचलून आणून सांभाळतात. त्यांच्या संस्थेचे नावच ‘माउली’ आहे. इतके आपल्याला जमणार नाही. पण निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते, नाथांची पैठणहून निघालेली शेवगाव तालुक्यातून जाते. वाटेवरच्या गावातल्या भजनी मंडळाने एवढे तरी ठरवावे: आपल्या गावात अशी घरे किती, ते काढावे, पालखी येईल त्या दिवशी मंडळातल्या दोघांनी त्या घरी जाऊन बसावे आणि त्या सुनेला दिवसभर पालखीबरोबर चालू द्यावे. अडचण पडली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी आहे, मनाच्या आजारासाठी १४४१६ आहे. हे दोन्ही आकडे देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

बसायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी शिकून जाव्यात. कानाशी ओरडू नये. ओरडलेले शब्द फाटतात. समोर, उजेडात, आपले ओठ दिसतील असे बसावे आणि सावकाश, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. टी.व्ही. बंद करावा. म्हातारी जुन्या काळात वावरत असेल तर तिच्याशी वाद घालू नये. त्या काळातलेच काही विचारावे. आणि ‘मला ओळखलं का, सांगा बरं मी कोण?’ असे तर कधीच विचारू नये. ओळख न पटल्याची लाज तिला अजून वाटते. आपणच आधी हात हातात घेऊन सांगावे, ‘आजी, मी वरच्या आळीतली सखू, तुमच्यासंगं हरिपाठ म्हणायला आले.’